आकडे तेच आहेत

फाटकातून गाडी आत आली तेव्हा वहिनी लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. दादांनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि खाली उतरलेच नाहीत. डोळे अर्धवट मिटून तसेच बसून राहिले. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं हे गाडीच्या मालकाला ठाऊक नव्हतं. तो दातांचा डॉक्टर होता, पहिल्यांदाच आला होता. त्याने दोनदा विचारलं, कशी वाटली म्हणून. दादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हळू चालते तोवर शहाणी आहे,” ते अखेर वहिनींना म्हणाले. “जरा रेस दिली की आधी घसा खाकरते, मग बोलते. पुढे मोकळी होते.”

वहिनींनी पडद्यावरच्या तक्त्यातले दोन-चार आकडे किंचित वाढवले. दादा पुन्हा जाऊन आले. या वेळी गाडीने घसा खाकरला नाही. डॉक्टर खूश झाला. माझे पेशंट निदान कुठला दात दुखतो ते तोंडाने सांगतात, म्हणाला, तुमचं कसं चालतं कोण जाणे. वहिनी हसल्या. दादा हात धुवायला गेले.

या नवराबायकोचं कसं चालतं ते समजायला फारसं अवघड नव्हतं. पूर्वीच्या मोटरसायकलींना कार्बोरेटर असायचा. स्क्रू अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे, की झालं. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे सीटखालची एक डबी ठरवू लागली. डबीत आकड्यांचा तक्ता असतो. इंजिन किती वेगाने फिरतंय आणि हाताने किती रेस दिली आहे ते बघून डबी तक्त्यातला आकडा उचलते. कंपनीतून आलेल्या गाडीला कंपनीचा तक्ता पुरतो. पण हौशी मंडळी सायलेन्सर बदलतात, फिल्टर बदलतात, सिलिंडर मोठा करून घेतात, आणि मग गाडी खोकू लागली की तोंड पाडून दादांच्या दारात येतात. जुने आकडे नव्या इंजिनाला लागू पडत नाहीत. ते नव्याने बसवावे लागतात.

नवीन गाड्या आल्या तेव्हा दादा एक दुपार लॅपटॉपपुढे बसले होते. उठले ते कायमचेच. वहिनी लग्नाआधी एका कारखान्यात हजेरीचे तक्ते करत असत. त्यांना तक्त्याची भीती नव्हती. त्या बसल्या आणि मग त्यांनीच हे काम धरलं. गाडी मात्र त्यांना चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती. तेव्हा दादा पडद्याकडे बघत नसत आणि वहिनी सीटवर बसत नसत. एकमेकांच्या प्रांतात पाय टाकला नाही म्हणून यांचा संसार टिकला, असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई आता नव्हत्या, पण म्हणणं खोटं नव्हतं.

दादा जे बोलत ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. गाडी घसा खाकरते, रुसते, पोटातून येत नाही, वरच्या वर उडते. या प्रत्येकाचा अर्थ वहिनींना पाठ होता. काम करताना त्या सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर बसवत. धुरावरून पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते तो टिपून ठेवी. पण गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी सेन्सर आणि वायरी सगळं काढून टाकायचं आणि दादांनी एक लांब फेरी मारायची, अशी त्यांची रीत होती. तिला दोघं कोरी फेरी म्हणत. त्या फेरीत यंत्राची साक्ष नाही, फक्त दादांचं अंग. परत येऊन ते क्षणभर बसत आणि मान डोलवत. मग गाडी जाई. ती मान खोटी डोलली असं कधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी दादांच्या हातून कप पडला.

पडतात कप. पण तो पडला हे दादांना आवाज झाल्यावर कळलं. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात, कधीकधी ती आपली वाटतच नाहीत, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले. मानेत नस दाबली गेली होती. ते म्हणाले, आहे तसंही राहील किंवा वाढेलही, आज सांगता येत नाही, व्यायाम करा. गाडी चालवायची असेल तर जपून चालवा. दादांनी त्यातलं चालवा एवढं ऐकलं आणि वहिनींनी जपून एवढंच.

दादांची स्वतःची एक गाडी होती. वर्षानुवर्षं एकेक भाग जमवून उभी केलेली, दिसायला ओबडधोबड आणि पळायला बेफाम. तिचा तक्ता बसवायला वहिनींना एक अख्खा उन्हाळा लागला होता. सुट्टीच्या सकाळी दादा ती घेऊन टेकडीच्या वळणांवर जायचे आणि न्याहारीला परत यायचे. आल्यावर काही बोलायचे नाहीत, पण दिवसभर मऊ असायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वहिनींना या माणसाचा त्या दिवशीचा चेहरा बघायला आवडायचा.

आता अशा सकाळी वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या आणि हातातलं काम पुढे जायचं नाही. रेसवर असलेला तोच हात. बोटांना कळलंच नाही आणि मूठ जास्त पिळली गेली तर? टेकडीला कठडा नाही. चालवू नका असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं. दादा चिडले नाहीत. मग करू काय, एवढंच म्हणाले.

एका दुपारी दादा लेथवाल्याकडे गेले असताना वहिनींनी त्यांच्या गाडीचं सीट काढलं आणि केबल जोडली. ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. फार नाही. जोर थोडा कमी, झेप थोडी कमी. दुधात चमचाभर पाणी घातलं तर कुणाला कळतंय, असं त्यांना वाटलं. सीट बसवताना आपण चोरी करतोय हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि तरीही त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सुट्टीच्या सकाळी दादा जाऊन आले. उतरले नाहीत. डोळे अर्धवट मिटून बसले.

“मधेच कुणी मागून धरल्यासारखी वाटते,” ते म्हणाले. “आणि सायलेन्सर जास्त तापतोय. पोटरीला लागतं. बघ बरं काही हललंय का.”

ठिणगी उशिरा पडली की सायलेन्सर तापतोच. एका फेरीत, पँटच्या कापडाआडून, या माणसाने बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या अंगातलं यंत्र शाबूत होतं. हात बधिर होत असेल, पण ते कणभरही बिघडलेलं नव्हतं. वहिनींनी केबल जोडली. तक्ता उघडला. आपणच बदललेले आकडे समोर होते. त्या थोडा वेळ बघितल्यासारखं करत बसल्या.

“आकडे तेच आहेत,” त्या म्हणाल्या. “ऊन वाढलंय, त्यामुळे असेल.”

दादांनी लगेच मानलं. न मानण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्या घरात एवढी वर्षं एक गोष्ट पक्की होती, की वहिनींचे आकडे खोटं बोलत नाहीत.

मग दादांनी प्लग बदलला. फिल्टर धुतला. चेन सैल केली, ब्रेक घासतोय का पाहिलं, टायरची हवा तपासली. काहीच सापडेना. दर सुट्टीला गाडी अजून थोडी जड वाटायची, कारण वहिनी अधूनमधून अजून थोडं पाणी घालत होत्या. दादा आता हळू चालवत. लवकर परत येत. वहिनींना हवं होतं तेच झालं होतं. एका सकाळी ते आले आणि पायरीवर बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

“गाडी तीच, रस्ता तोच,” ते म्हणाले. “म्हणजे बिघडलोय तो मीच.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वहिनींच्या ओठांवर आलंही होतं. पण सांगितलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी करावी लागेल, आणि पुन्हा त्या सकाळी, पुन्हा ते स्वयंपाकघर. हिरमुसला का होईना, माणूस पायरीवर बसलाय, धडधाकट आहे, असा विचार त्यांनी केला. चहा टाकते म्हणून आत गेल्या. बाई काही दुष्ट नव्हती. घाबरलेलं माणूस जेवढं शहाणं असतं तेवढीच शहाणी होती.

त्यानंतर दादा गिऱ्हाइकांच्या गाड्यांवरही बोलेनासे झाले. फेरी मारून यायचे आणि बरी आहे म्हणायचे. खोदून विचारलं तर, तुझ्या त्या सेन्सरला विचार ना, असं म्हणून हात झटकायचे. चिडून नव्हे, खरंच तसं वाटत असल्यासारखे. वहिनी सेन्सरवर काम भागवू लागल्या. गाड्या वाईट होत नव्हत्या. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. वहिनींना मात्र त्या बसण्यातल्या गप्पांची भूक लागली होती. गाडी रुसते, गाडी उडते, हे ऐकून किती दिवस झाले होते. पण आपणच ते तोंड बंद केलंय हे आठवलं की त्यांची भूक मरायची.

दातांचा डॉक्टर पुन्हा आला तो नवं इंजिन घेऊन. पिस्टन मोठा, इंजेक्टर मोठा, सगळं मोठं. एवढ्या वेळात तो घरोब्याचा झाला होता. वहिनींची दाढ त्याने मोफत भरून दिली होती आणि त्याची आठवण तो दर भेटीत करून द्यायचा. गाडीवर चांगली मेहनत झाली. सेन्सरचे आकडे एका सरळ रेषेत आले. वहिनींनी वायरी काढल्या आणि दादा कोऱ्या फेरीला गेले. दुपारचं कडक ऊन होतं.

त्यांना यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. आल्यावर बसले. डोळे मिटले. बराच वेळ बसले. वहिनींनी मान वर केली, कारण दादांचे ओठ उघडले होते. ते काहीतरी सांगणार होते. मग त्यांचे डोळे उघडले आणि नजर उजव्या हातावर गेली. बोटं त्यांनी मिटली, उघडली. आणि मान डोलवली.

डॉक्टर गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, दादा, आता तुम्हीच तेवढे राहिलात, कधीतरी तोंड उघडा माझ्यासमोर.

पंधरवड्याने त्याच्या दवाखान्यातून फोन आला. लांब सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण जोरात असताना इंजिन एकदम अडकलं होतं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि डॉक्टर फरपटत गेला. कमरेचा खुबा मोडला होता. पाय वाचला, पण तो पाय यापुढे काठीवाचून उभा राहणार नव्हता, आणि दाताचं काम तर दिवसभर उभं राहून करायचं.

दोघं भेटायला गेले. डॉक्टर उशीला टेकून होता. त्याने कुणाला बोल लावला नाही. उलट म्हणाला, तोंडावर पडलो नाही हे नशीब, माझेच दात पडले असते तर लोकांना काय तोंड दाखवलं असतं. त्याची बायको खिडकीपाशी उभी होती. ती हसली नाही आणि तिने या दोघांना बसाही म्हटलं नाही. परत जाताना दादा जिन्याचा कठडा धरून उतरले.

मोडकी गाडी टेम्पोतून त्यांच्याच फाटकात आली. वहिनींनी पेट्रोलचा पंप काढून तपासला. थंड असताना चांगला चालला. मग उन्हात ठेवून, तापवून पाहिला, तेव्हा त्याचा दाब हळूहळू खाली आला. म्हणजे गाडी तापली आणि बराच वेळ पूर्ण जोरात धावली की इंजिनाला पेट्रोल अपुरं पडायचं. अपुऱ्या पेट्रोलवर पिस्टन वितळतो. सेन्सर लावला होता तो सकाळच्या गारव्यात आणि छोट्या फेऱ्यांत. तेव्हा पंप धड होता. हे कळलं असतं तर फक्त दुपारच्या लांब फेरीत.

दादा बाजूला बसून सगळं बघत होते. पंप खाली ठेवल्यावर ते बोलले.

“मला कळलं होतं.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

“लांब ओढली ना त्या दिवशी, तेव्हा शेवटी शेवटी पोकळ वाटली. आतून रिकामी. सांगणार होतो. मग म्हटलं, माझी गाडी मला मेलेली वाटते आणि ती चांगली आहे. मग ही पोकळ वाटली त्याला काय अर्थ? तुझी रेघ सरळ होती. मान हलवली.” त्यांनी हात पुढे धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. “या हाताने त्या माणसाचा पाय मोडला.”

वहिनी खाली बसल्या. तिथेच, ऑइलच्या डागांवर, त्यांनी सगळं सांगितलं. लेथवाल्याची ती दुपार, उशिरा पाडलेली ठिणगी, दर काही दिवसांनी केलेली चोरी. तुम्ही बरोबर होतात, त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून बरोबर होतात, मेलेली वाटत होती कारण मीच तिला मारत होते. सांगताना त्या रडत होत्या आणि रडत असल्याची त्यांना लाजही वाटत होती. दादा शिव्या देतील, हात उगारतील, निघून जातील, या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती.

दादांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलतेस,” ते म्हणाले. “नको गं. तुला खोटं बोलता येत नाही.”

वहिनींनी लॅपटॉप ओढून घेतला, दोन तक्ते शेजारी शेजारी लावले, हे बघा पूर्वीचे, हे बघा आत्ताचे, म्हणून बोट ठेवून दाखवलं. दादांनी आदराने बघितलं. मग म्हणाले, मला यातलं काय कळतं, तू दाखवशील ते आकडे. दिवसभर त्या सांगत राहिल्या. जितकं सांगावं तितकी दादांची त्यांच्याबद्दलची माया वाढत गेली आणि विश्वास तसूभरही बसला नाही. जेवताना तर ते म्हणाले, तुझ्यासारखी बायको मिळाली हे माझं भाग्य.

सकाळ झाल्यावर त्यांनी दादांच्या देखत केबल जोडली आणि जुना तक्ता जसाच्या तसा गाडीत भरला. चालवून या, त्या म्हणाल्या, मग तुम्हाला कळेल. दादांना जायचं नव्हतं. वहिनींनी हेल्मेट त्यांच्या हातात कोंबलं.

त्या फाटकात उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाशी दादांनी रेस दिली आणि तो आवाज आला, कितीतरी दिवस न ऐकलेला, मोकळा आणि भरलेला. वहिनींना भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी होतं. आता येऊ देत, त्यांना वाटलं. येऊन माझ्या अंगावर हेल्मेट फेकू देत. आयुष्यात त्यांना नवऱ्याच्या रागाची इतकी आस कधी लागली नव्हती.

दादा लवकर परत आले. गाडी त्यांनी भिंतीला टेकवल्यासारखी उभी केली आणि सीटवर न थांबता उतरून थेट पायरीवर जाऊन बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

“अंगावरच आली एकदम,” ते म्हणाले. “पुढचं चाक उचललं. आवरेना मला.”

“पूर्वी अशीच होती हो. अगदी अशीच.”

“पूर्वी इतकी नव्हती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तू वाढवलीस. मी पहिल्यासारखा आहे असं मला वाटावं म्हणून. कळतं मला, एवढा काही खुळा नाही.”

वहिनींचं बोलण्यासारखं होतं ते सगळं बोलून झालं होतं. दादा बोटं चोळत राहिले. गाडीचं तापलेलं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं.

“थोडी कमी कर,” शेवटी ते म्हणाले. “मला झेपेल इतकी.”

वहिनींनी स्टूल ओढलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कोणता आकडा किती खाली आणायचा हे त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी कमी केली.

“अजून थोडी,” दादा पायरीवरूनच म्हणाले.

वहिनींनी अजून थोडी कमी केली.